ढावल्यातले डबे

याडी, तुला वाचता येत नव्हतं आणि मी तुला लिहायला बसले आहे. तुझ्या नावाने आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचे, त्यामुळे हाही शेवटी मलाच वाचावा लागणार हे उघड आहे. परवा तुझ्या नातीचं लग्न झालं, भाऊच्या मोठीचं. काल दिवसभर आपल्या बंजारा तांड्यात मंडपवाल्याची भांडी परत करण्यात गेला आणि आज सकाळी पुसदला येऊन दुकान उघडलं तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. एका माणसाची झेरॉक्स उलटी काढली, ती फेकून दुसरी काढली तर तीही उलटीच. तो म्हणाला, "ताई, तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, ऊन फार आहे. ऊन तर आहेच, पण ते काही आजच उगवलेलं नाही. उठते, पाण्याचा माठ हलवून बघते, पुन्हा खुर्चीत येऊन बसते. समोर स्क्रीनवर तुझी फाईल उघडी आहे आणि तिच्याकडे बघवतही नाही आणि ती बंदही करवत नाही.

मी काय काम करते हे तुला कधी नीट सांगता आलं नाही. तू तांड्यातल्या बायांना सांगायचीस, "माही पोरगी अक्षरं दुरुस्त करते." ऐकून मला हसू यायचं, पण याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही. लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात. कोणाची शाळेची प्रश्नपत्रिका, कोणाचा ग्रामसभेचा ठराव. जुन्या मशीनवर चांगला दिसणारा मजकूर नव्या मशीनवर उघडला की कधी नुसता इंग्रजी कचरा दिसतो, कधी वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजारणीच्या घरात जाऊन बसते, आणि कधी ओळच्या ओळ रिकामे चौकोन येतात. त्या चौकोनांना आमच्याकडे डबे म्हणतात. एडिटरच्या फॉन्टमध्ये जे अक्षर नाही, त्याच्या जागी तो डबा मांडून मोकळा होतो. "मॅडम, हे पायजा बरं, सगळे डब्बेच डब्बे येऊन राह्यले," असं म्हणत माणूस आत येतो आणि मला बरं वाटतं. मग मी कुठे फॉन्ट बदलते, कुठे एडिटरला सांगते की तुझ्याकडे देवनागरी नसेल तर या दुसऱ्या फॉन्टकडून घे, कुठे जुन्या मजकुराचं नव्यात रूपांतर करणारा प्रोग्राम चालवते. डबे जातात, अक्षरं उभी राहतात. स्क्रीनवर डबा दिसला की माझ्या अंगाला खाज सुटते, हे खोटं नाही. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा मोडक्या दिसल्या तरी मी चप्पल करकरवत फ्लेक्सवाल्याकडे जाते, आणि तो दरवेळी म्हणतो, "लोकायले समजते ना ताई, तुमाले काहून त्रास होऊन राह्यला?"

त्रास होतो, काय करू. तुझाच स्वभाव आहे. तूही कुठे सोडायचीस? तांड्यात कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं की तिची आई आधी तुझ्याकडे यायची. पत्रिका, साड्या नंतर. आधी पोरीला ढावलो शिकवायचा. सासरी निघताना नवरीने एकेकाच्या गळ्यात पडून सूर धरून रडायचं, बापाला वेगळं, भावाला वेगळं, मैत्रिणीला वेगळं, आणि प्रत्येकाला काय म्हणायचं ते ठरलेलं. बाहेरचे लोक विचारायचे, रडायला काय शिकवायचं? तू त्यांच्याकडे असं बघायचीस की ते पुन्हा विचारायचे नाहीत. लिंबाखाली पोरींना बसवून तू स्वतः एकेकाचं सोंग घ्यायचीस. "हं, आता मी तुहा भाऊ," म्हणत नसलेल्या मिशीवर ताव द्यायचीस, आणि पोरगी हसून लोळायची. मग एकदम डोळे वटारून, "हासून घे. त्या दिवशी हासशील तर लोक मले शिव्या देतील." पाणी आधी गळ्यात येतं, डोळ्यात मागून, असं तू सांगायचीस. जिच्या आधी डोळ्यात आलं तिचा सूर गेलाच म्हणून समजायचं.

एकच भाग तू कोणाला शिकवला नाहीस, आईच्या गळ्यात पडायचा. तिथे आलं की उठून पदर झटकायचीस. "ते ज्याच्या त्याच्या याडीपाशी. मी कोणाची याडी होऊ?" पोरी आपापल्या घरी जायच्या. माझ्या वेळी मला वाटलं, आता तर बाईला पळायला जागा नाही, ही माझीच याडी आहे. पण तू माझ्यापाशीही ते टाळलंस. कधी पीठ मळायचं होतं, कधी म्हैस सुटली होती. लग्नाच्या दिवशी बापूला, भाऊला, सगळ्यांना मी चोख सूर लावून रडले, तू बाजूला उभी राहून मान डोलवत होतीस, आणि तुझ्या गळ्यात पडले तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. नुसती थरथरत राहिले. गाडीत बसल्यावर माझी नणंद म्हणाली, आईजवळच विसरल्या वाटते. विसरले नव्हते, मला ते माहीतच नव्हतं.

मग तो बाजाराचा दिवस. तेव्हा हे दुकान माझं नव्हतं, मी इथे ऑपरेटर होते. तू बाजाराची पिशवी दाराशी ठेवून आत आलीस आणि म्हणालीस, "मले ढावलो लिवून ठेवाचा हाय." मालक चहाला गेले होते. मी म्हटलं, बस, सांग. त्या काळच्या फॉन्टची गंमत अशी होती की मराठी अक्षर म्हणजे नुसता वरचा झगा. आत इंग्रजी अक्षरंच असायची, आणि एकेक मराठी अक्षर तुकड्यातुकड्यांनी जोडावं लागायचं, इथून अर्धा, तिथून काना, वेलांटी आधी. बोटांना ते इतकं पाठ झालेलं की मजकूर कानातून थेट बोटांत उतरायचा, मधे डोक्यात थांबायचाच नाही. चांगल्या ऑपरेटरची ती खूणच आहे. अर्ध्या पुसदच्या लग्नपत्रिका मी टाइप केल्या असतील, पण त्यातल्या एका नवरीचं नाव विचार, सांगता येणार नाही.

तू सांगत गेलीस, मी बडवत गेले. बापाचा भाग झाल्यावर तू म्हणालीस, वाच. मी वाचला. तुझा चेहरा उतरला. "हे काय वाचून राह्यली तू? किराण्याची यादी वाटून राह्यली. रडणं कुठी हाय याच्यात?" मी म्हटलं, याडी, रडणं टाइप होत नाही. तू ऐकून घेणारी नव्हतीस. उठलीस आणि भिंतीवर चिकटवलेल्या फॉन्टच्या तक्त्यासमोर जाऊन उभी राहिलीस. एकही अक्षर न ओळखणारी तू, एकेका खुणेवरून बोट फिरवत गेलीस, बाजारात बांगड्यांची करतात तशी पारख करत, आणि खालच्या कोपऱ्यात एका वळलेल्या शेपटीवर थांबलीस. तिचा आम्हाला कधीच उपयोग नव्हता, कोणत्याच अक्षराला ती लागत नव्हती. "हे घाल. हे पाय कसं गळा दाटल्यासारखं हाय." मग आपण पुन्हा पहिल्यापासून बसलो. जिथे श्वास अडकतो तिथे तू हात वर करायचीस आणि मी ती शेपटी घालायची; जिथे आवाज फुटतो तिथे दोनदा. मालक परत आले, आपल्याकडे बघत बसले. निघताना तू पिशवीतून मूठभर हिरव्या मिरच्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्यास, मजुरी म्हणून. तांड्यावर पोचल्यावर तू म्हणे सगळ्यांना सांगितलंस की आता मी मेली तरी चालते.

आणि खरोखरच गेलीस. त्यानंतर तांड्यात ढावलो शिकवणारं कोणी राहिलं नाही. नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून निरोपाचं गाणं म्हणायची, ते तर आधीच गेलं होतं. आता गाडीच्या दारात उभं राहून फोटो काढतात. फाईल फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर अशी माझ्यासोबत फिरत राहिली. मी ती उघडली नाही. लोकांची अक्षरं दुरुस्त करताना आपली राहून जातात, सुताराच्या घरी मोडका पाट, तसं.

महिन्याभरापूर्वी तुझी नात दुकानात आली. ती यवतमाळला नर्सिंगला होती, नवरा राळेगावकडचा, शांत वाटतो. मला वाटलं पत्रिका करायला आली असेल. ती म्हणाली, "आत्या, मले दादीचा ढावलो पायजे." मी म्हटलं, मोबाईलवर पुष्कळ आहेत, एकेका तांड्याचे. त्यावर ती फणकारली, "दुसऱ्याच्या दादीचं रडणं मी काहून रडू?" हुबेहूब तू. मी तिला तिथेच बसवलं आणि फाईल उघडली. आधी अपेक्षेप्रमाणे इंग्रजी कचरा. मी तिला म्हटलं, थांब, आता बघ, आणि जरा तोऱ्यातच रूपांतराचा प्रोग्राम चालवला. दोन-तीन ठिकाणी रफार सरकला होता तो हाताने बसवला. एडिटरने सगळ्या ढावल्याखाली लाल रेघ ओढली, कारण आपली गोरबोली त्याच्या मराठीत बसत नाही. ती रेघ बंद केली. एकही डबा नाही, एकही मोडकं अक्षर नाही. छापून तिच्या हातात दिलं. तिने बापाचा भाग मोठ्याने वाचला, मधेच थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आत्या, हे तर निबंधासारखं वाटून राह्यलं."

मला तू समोर उभी दिसलीस, तक्त्याकडे तोंड करून. त्या प्रोग्रामला जे कळत नाही ते तो कचरा समजून टाकून देतो. तुझी शेपटी त्याच्या यादीत नव्हती. मी ज्या सफाईचा तोरा मिरवत होते त्या सफाईत तुझे सगळे हुंदके झाडून गेले होते. मी मूळ फाईल पुन्हा घेतली, प्रोग्रामची सेटिंग बदलली, म्हटलं जे कळत नाही ते टाकू नकोस, जसंच्या तसं ठेव. आणि मग स्क्रीनवर डबे आले. अक्षरं नीट, त्यांच्या मधे मधे रिकामे चौकोन, जिथे जिथे तू हात वर केला होतास तिथे तिथे. मी नातीला सांगितलं की दोन दिवस दे, मी या डब्यांच्या जागी चांगली खूण बनवून बसवते, सगळ्या मोबाईलवर दिसेल अशी. ती ऐकेना. तिने फाईल तशीच मोबाईलवर घेतली. आठवड्याने फोन आला, "आत्या, डब्बा आला का हुंदका, दोन डब्बे आले का मोठ्यानं. बरोबर ना?" मी म्हटलं, बरोबर, पण मी खूण बनवतेच आहे. ती म्हणाली, "राहू दे ना वं. डब्बा दिसला का मले गळ्यात येते आता." आयुष्यभर मी डबे काढले, याडी, आणि तुझी नात डबे बघून रडायला शिकली. मी त्या खुणेचं काम सोडून दिलं. त्याने झोप लागली असं नाही.

झोप न लागायचं कारण वेगळंच होतं. शेवटचा भाग आईचा. तो तू सांगितला होतास याचंच मला आश्चर्य वाटलं, कारण मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. सुरुवातीला "याडी ये" असे शब्द आहेत, मग दोन डबे, आणि मग डबेच. ओळीमागून ओळ, जवळजवळ अर्धं पान. त्यानंतर परत दोन-तीन शब्द आणि संपलं. फाईल मोबाईलवर घेतली त्याच दिवशी नातीने ते बघून विचारलं, "इथी एवढा येळ रडाचं? नुसतंच?" मी तिच्या मोबाईलवर बघत राहिले. जुन्या फ्लॉपीचा काही भाग वाचता आला नाही तर मशीन ती जागा एकाच भरताडाने भरून देतं, आणि तेही एडिटरमध्ये डबेच दिसतं. हे मला माहीत आहे, हा माझा धंदा आहे. पण मला हेही माहीत होतं की तो भाग तू कधी कोणाला शिकवला नव्हतास. माझ्या लग्नात तुझ्या गळ्यात मी नुसती थरथरत राहिले, ते तू पाहिलं होतंस. मला वाटलं, तू मुद्दामच तिथे शब्द ठेवले नाहीस. असं समजून मला किती बरं वाटलं ते मी तुला सांगू शकत नाही. मी तिला म्हटलं, "हो. तुझ्या दादीनं तसंच सांगितलं होतं."

परवा ती निघाली. मंडपात पंखे गरगरत होते, डीजेवाला तारा गुंडाळत होता, पोरं आइस्क्रीमच्या मागे. तिने बापाच्या गळ्यात हात टाकला आणि पहिला सूर लागला, तेव्हा म्हाताऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. भाऊ, जो कधी कोणासमोर रडला नाही, तो लहान पोरासारखा तोंड वाकडं करून रडला. मी ओठांनी पुढचे शब्द म्हणत होते आणि प्रत्येक डब्याला माझा श्वास अडकत होता. शेवटी ती वहिनीकडे वळली. "याडी ये," एवढं म्हणाली, आणि मग शब्द नाहीत. नुसता आवाज, चढत, तुटत, पुन्हा उचलत, अर्धं पान. वहिनीने आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग तो हातही थांबला आणि तीही त्याच सुरात रडायला लागली. डीजेवाला तारा हातात धरून उभा राहिला. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "असा ढावलो कधी आयकला नाही वं माय." मला अभिमान वाटला, तुझा, पोरीचा, थोडा माझाही. आणि त्याच क्षणी त्या अर्ध्या पानाची शंका पुन्हा उभी राहिली.

कारण डबा कोणाचा ते बघणं अगदी सोपं आहे. एडिटरमध्ये कर्सर डब्याच्या आधी ठेवायचा आणि एक बटण दाबायचं. त्या डब्याच्या आतला नंबर खाली दिसतो. तुझ्या शेपटीचा नंबर वेगळा, मशीनच्या भरताडाचा वेगळा. महिनाभर मी ते केलं नाही. दुसऱ्या कोणाची फाईल असती तर पहिल्या मिनिटाला केलं असतं. आज सकाळपासून तीनदा कर्सर तिथे नेला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले, एकदा तर गिऱ्हाईक आलं नव्हतं तरी उठले. दुपारी बाजार सामसूम झाला, तेव्हा दाबलं.

पहिला डबा तुझा आहे. दुसराही तुझा. तिसऱ्यापासून पुढे सगळं भरताड, पार शेवटच्या शब्दांपर्यंत. मी एकेक करून सगळे बघितले, मधे कुठे एखादा तरी तुझा निघेल म्हणून. नाही निघाला.

तिथे शब्द होते. नंबर बघितल्यावर मला त्या दिवसाचं एवढंच आठवलं की तू शेवटी बराच वेळ बोलत होतीस, माझ्याकडे न बघता, दाराबाहेरच्या बाजाराकडे बघत, आणि माझी बोटं थांबत नव्हती. शेपटी घालायला एक बोट पुरतं. तेव्हा दोन्ही हात चालत होते. जे तू कोणाला शिकवलं नाहीस, माझ्या लग्नातही दिलं नाहीस, ते त्या दिवशी भर बाजारात मला देऊन गेलीस. मी बसल्या बसल्या बोटं की-बोर्डवर ठेवून बघितली, म्हटलं डोक्याला नाही तर बोटांना तरी आठवेल. "याडी ये" उमटलं आणि बोटं तिथेच थांबली.

तुझ्या नातीला मी हे सांगणार नाही. ती जे रडली ते आता ढावल्यातलंच झालं. तिची पोरगीही तसंच रडेल आणि कोणाला काही कमी वाटणार नाही. हे लिहिलेलंही मी कोणाला वाचून दाखवणार नाही. फक्त तुला सांगायचं होतं, याडी, की तू ते मला सांगितलंस आणि मी ते सगळं बरोबर टाइप केलं. ऐकलं मात्र नाही.